पहिला क्रमांक, नंतर बाद

सूचीकाकांच्या हातात कुणीही, काहीही देऊन जात असे.

ते स्वतःहून काही मागत असत असं मुळीच नाही. पण त्यांच्या उभं राहण्यातच असं काहीतरी होतं, की दवाखान्यात अनोळखी बाई आपलं पोर त्यांच्याकडे सोपवून औषधाच्या खिडकीशी जाई, समारंभात फोटोसाठी उभी राहणारी माणसं पिशव्या, चष्मे, आणि एकदा तर कवळीसुद्धा त्यांच्या स्वाधीन करून मोकळी होत. "हे जरा धरा हं," एवढं म्हटलं की काका धरत. मालक परत येईपर्यंत जागचे हलत नसत. संध्याकाळी घरी आले की काकू दार उघडता उघडता विचारत, "आज काय धरलंत?"

ग्रंथालयात पुस्तकांच्या सूची करण्यात काकांचं आयुष्य गेलं होतं, म्हणून ते सूचीकाका. कुणाशी भांडण नाही, कुठे आवाज नाही. आपल्याला फारसं काही येत नाही याबद्दल त्यांची पक्की खात्री होती, आणि ती खात्री त्यांनी कधी कुणावर लादली नाही. फक्त एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या हातून चुकीची नोंद कधी गेली नव्हती.

अशा माणसाकडे एका सकाळी त्यांचे व्याही पुठ्ठ्याचं एक भलंमोठं खोकं घेऊन आले.

व्याह्यांचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे त्यांची टूरिंग कार शर्यतींची टीम होती. या शर्यतींचं एक बरं असतं. गाडी आकाशातून पडल्यासारखी दिसत नाही. आपल्या शेजाऱ्याकडे असते तशीच चार दारांची गाडी घ्यायची, आतली गादी, आरसे, पंखा सगळं काढून टाकायचं आणि शेजाऱ्याला लाज वाटेल इतक्या जोरात पळवायची. पूर्वी ती व्याही स्वतः पळवत. पाठीचा मणका सरकल्यापासून त्यांचा मुलगा, म्हणजे काकांचा जावई पळवत होता. काकांनी आजवर एकही शर्यत पाहिली नव्हती. जावयाने मुलीला बाजारात नेतानाही गाडी सावकाश न्यावी असं वाटणारा हा सासरा. ते तरी काय करणार!

"व्याहीबुवा," खोकं काकांच्या हातात देत व्याही म्हणाले, "हे जरा धरा. यात आमच्या टीमची पंचवीस वर्षं आहेत. फोटो आहेत, कात्रणं आहेत, एक तुटका गिअर आहे. याचा इतिहास करा. निकालांसकट. छापायचाय."

"मी?" काका म्हणाले. "मला गिअर कुठला ते कळत नाही हो."

"कळायचं काय त्यात? तुटका तो गिअर."

मग खुर्ची ओढून व्याह्यांनी खरी गोष्ट सांगितली. जुन्या प्रायोजकाने अंग काढून घेतलं होतं. नवा एकच इसम तयार होता. वजनकाट्यांचा कारखाना चालवणारा हा माणूस सगळीकडे काटेवाले म्हणूनच ओळखला जाई. तो म्हणाला होता, टीमचा इतिहास आणि सगळे निकाल छापील स्वरूपात दाखवा, मग ठरवतो. मोसमातल्या शेवटच्या शर्यतीला तो स्वतः येणार होता. तो नाही म्हणाला, तर टीम बंद. गाडी विकायची आणि जावयाने गॅरेजच्या गल्ल्यावर बसायचं.

खरं सांगायचं तर हे ऐकून काकांच्या मनाला क्षणभर बरं वाटलं. जावई गल्ल्यावर बसला तर काय वाईट आहे? गल्ल्याला वळणं नसतात. पण दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, नीट लिहा हं. टीम बंद पडली तर या घरात दोन पुरुष दिवसभर गप्प बसून राहतील, आणि मी त्यांच्याकडे बघत बसेन. जमणार नाही मला." काकांनी त्याच दिवशी पेन्सिलीला टोक केलं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, आणि मग सल्ले यायला लागले.

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "टूरिंग म्हणजे सहली ना? मग प्रवासवर्णन करा. नदी, डोंगर, सूर्यास्त. निकाल कोण वाचतं?" समोरचे विमावाले म्हणाले, "इतिहासाची एक पद्धत असते, काका. सुरुवातीला गरिबी, मध्ये संघर्ष, शेवटी रंगीत फोटो." काकांनी विचारलं, "आणि निकाल चांगले नसतील तर?" विमावाल्यांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "मग फोटो मोठे घ्यायचे."

निकाल चांगले नव्हतेच. नववा, अकरावा, सातवा, इंजिन बंद, पुन्हा अकरावा. एका वर्षी शेवटच्या वळणावर गाडीचं चाक निखळलं आणि गाडीच्या आधी सीमारेषा ओलांडून गेलं. मुख्य मेकॅनिकचा आग्रह होता की त्या शर्यतीत आपला सहावा क्रमांक धरावा. "सहावा चाकाचा आला," काका नम्रपणे म्हणाले. "पण चाक आपलंच होतं ना?" मेकॅनिक म्हणाला. काका त्या प्रश्नावर दोन दिवस अडकून पडले. चाकाची नोंद वेगळी करावी काय, या विचारात त्यांनी जेवताना मीठ दोनदा घेतलं.

एक शर्यत मात्र टीमने जिंकली होती. सोळा वर्षांपूर्वी, व्याही स्वतः चालवत असताना. ही शर्यत सगळ्यांना तोंडपाठ होती आणि प्रत्येकाला निराळी. मेकॅनिकच्या आठवणीत पाऊस होता, जावयाच्या आठवणीत ऊन होतं, व्याह्यांच्या आठवणीत फक्त व्याही होते. करंडकाचं विचारलं की मात्र सगळ्यांना एकदम काम आठवे. काकांचा जीव अस्वस्थ झाला. पुस्तक आहे म्हणतात आणि कपाटात जागा रिकामी, असं दिसलं की त्यांना पूर्वीही झोप लागत नसे.

म्हणून ते शर्यत मंडळाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं की जुने निकाल फक्त टीमच्या अधिकृत सदस्यालाच दाखवतात. काका सदस्य नव्हते. सदस्य व्हायचं तर वैद्यकीय तपासणी हवी. काकांनी ती करून घेतली. मग कळलं की सदस्यांचे प्रकार दोनच, चालक किंवा मेकॅनिक. इतिहासकार असा रकानाच नव्हता. बराच खल होऊन काकांना राखीव चालक म्हणून नोंदवण्यात आलं. ज्या माणसाला सायकलवरून उतरताना कुणीतरी धरावं लागे, तो शर्यतीचा राखीव चालक झाला! फोटो लावलेलं ओळखपत्र मिळालं. काकूंनी ते पाहिलं आणि देवापुढे नेऊन ठेवलं.

"आता बघा," कारकून म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा काकांकडे वळवला. त्या शर्यतीसमोर लिहिलं होतं: पहिला क्रमांक, नंतर बाद.

काका तसेच गॅरेजमध्ये गेले. व्याही एका गाडीखाली झोपून काम करत होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. काकांनी त्या पायांना घडलेलं सांगितलं. लाजाळू माणसाला पायांशी बोलणं सोपं जातं.

पाय जरा आत सरकले. मग आवाज आला. "तुमच्या विहीणबाई आसपास आहेत का बघा."

"नाहीत."

"मग ऐका. आमच्यात एक नियम आहे. जो पहिल्या तिघांत येतो, त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला मंडळ वजन टाकतं. शिशाची पट्टी. म्हणजे तोच तोच जिंकू नये."

काकांना हा नियम एकदम पटला. ग्रंथालयातही चांगलं काम करणाऱ्याच्याच टेबलावर अधिक काम येऊन पडत असे.

"त्या वर्षी मी एकदा तिसरा आलो," गाडीखालून आवाज येत राहिला. "पट्टी मिळाली, घरी आणून ठेवली. पुढच्या शर्यतीला गेलो, जिंकलो. नंतर गाडी काट्यावर चढवली तर दहा किलो कमी! वजन घरी. घरी येऊन बघतो तर ही शिवत बसलेली, आणि मशीनच्या एका पायाखाली ती पट्टी. मशीन डगमगत होतं म्हणे. पट्टी अगदी मापात बसलेली. मला म्हणाली, किती छान वस्तू आणलीत हो तुम्ही, मी सांगितलंही नव्हतं तरी लक्षात ठेवलंत." गाडीखाली एक पाना खणकन पडला. "काय बोलणार मी, सांगा? पंचांची नजर तिरकी होती म्हणून बाद केलं, असं घरी सगळ्यांना सांगितलं. पट्टी हरवली म्हणून मंडळाचा दंड भरला. आजतागायत तिला माहीत नाही. तुम्ही लिहा, जिंकलो म्हणून."

"पण आपण बाद झालो होतो ना?"

"मग काहीच लिहू नका. पण तिला कळता कामा नये. एवढं धरा माझं."

काकांनी ते धरलं.

चार दिवसांनी विहीणबाईंनी त्यांना चहाला बोलावलं. विहीणबाई शिवत होत्या. चहा पिता पिता काकांची नजर राहून राहून मशीनच्या पायाकडे जाई. शेवटी न राहवून त्यांनी चमचा पाडला आणि तो उचलायच्या निमित्ताने खाली वाकले. पट्टी होती. काळपट, जाड, एका कोपऱ्यात मंडळाचा शिक्का. काका ती इतक्या कौतुकाने पाहू लागले की वर यायचंच विसरले.

"भाऊ," वरून आवाज आला, "तुम्हालाही सांगितलं वाटतं यांनी?"

काकांचं डोकं मशीनवर आपटलं.

"मला ठाऊक आहे हो सगळं," विहीणबाई सुई ओवत म्हणाल्या. "त्याच आठवड्यात कळलं. मेकॅनिकच्या बायकोला काही पोटात ठेवता येतं का? रडले मी. म्हटलं, संध्याकाळी यांना सांगू. तर हे आले आणि पंचांची तिरकी नजर करून दाखवायला लागले. माझ्यासाठी! इतकं हसू आलं की सांगायचं राहूनच गेलं. आणि मग इतकी वर्षं झाली की आता सांगितलं तर त्यांचा किती हिरमोड होईल. तुम्ही खरं काय ते लिहा. पण मला ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नका. एवढं धराल ना, भाऊ?"

काकांनी तेही धरलं. आणि मग ते चालत घरी आले, एका हातात व्याही आणि दुसऱ्या हातात विहीणबाई घेतल्यासारखे.

आता लिहिणार काय? जिंकलो असं लिहिलं तर नोंद खोटी. वजन घरी राहिलं असं लिहिलं तर व्याह्यांचा विश्वासघात. नुसतं बाद लिहिलं तर काटेवाल्यांना वाटणार, काहीतरी लबाडी केली असेल. छापखान्याचा माणूस रोज फोन करून ओरडू लागला. अखेर काकांनी लिहिलं: 'पहिला क्रमांक, नंतर बाद', आणि पुढे एक तारा काढला. ताऱ्याचा खुलासा पानाच्या तळाशी द्यायचा, तो सुचला की देऊ, असं ठरवलं. तो सुचला नाही. पुस्तिका तशीच छापून आली. तारा होता, खाली काही नव्हतं. ज्या माणसाने हयातभर एक नोंद चुकू दिली नाही, त्याच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाने वाचकाला वर तारा दाखवून खाली कोरा कागद दाखवला होता. काकांना वाटलं, रस्त्यावरची माणसंसुद्धा आपल्याकडे त्या ताऱ्यासाठीच बघताहेत.

शर्यतीच्या दिवशी पुस्तिकांचे गठ्ठे घेऊन सगळं घर मैदानावर गेलं. आदल्या शर्यतीत जावई तिसरा आला होता, त्यामुळे या खेपेस पुन्हा गाडीत शिशाची पट्टी होती. व्याह्यांनी ती आदल्या दिवशी स्वतः बसवली होती आणि तोवर विहीणबाईंपासून लांब ठेवली होती. विहीणबाईंना हे दिसलं होतं. काकांना दोघांचंही दिसलं होतं.

पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या त्या उघड्या शेडमध्ये, एकच धांदल चालली होती. मेकॅनिक गाडीत डोकं घालून काहीतरी करत होता. पट्टीखालची एक तार सैल झाली होती. त्याने पट्टी काढली, आजूबाजूला पाहिलं, आणि साहजिकच त्याला काका दिसले.

"काका, हे जरा धरा हं."

काकांनी धरली. दहा किलो! तेवढ्यात वारा सुटला. टेबलावरच्या गठ्ठ्यातली वरची पुस्तिका उडाली, मग दुसरी, मग टीमचा पंचवीस वर्षांचा इतिहास पानापानाने प्रतिस्पर्ध्यांच्या शेडकडे निघाला. काका धावले. पुस्तिका गोळा केल्या, गठ्ठा नीट लावला, आणि कुठल्याही पुस्तकप्रेमी माणसाने केलं असतं तेच केलं. हातात जड वस्तू होती, ती गठ्ठ्यावर ठेवली. इकडे मेकॅनिकला कुणीतरी टायर बघायला हाक मारली. तो आला, तार घट्ट केली, झाकण लावलं. भोंगा वाजला.

काका विहीणबाई आणि काकूंच्या मध्ये बसले. त्यांनी डोळ्यांवर हात घेतले.

"उघडा की डोळे," काकू म्हणाल्या. "राखीव चालक ना तुम्ही?"

"कुठे आहे तो?"

"चौथा... नाही, तिसरा. अहो, दुसरा! काय वळवली हो गाडी!"

शेवटच्या फेरीला काकांनी बोटं किंचित फाकवली. त्यांची निळी गाडी सगळ्यांच्या पुढे होती. आत कुठेतरी तो मुलगा होता, जो त्यांच्याकडे आला की चपला सरळ लावून आत येई. काका उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण काय ओरडायचं ते न सुचल्याने "शाब्बास, सावकाश!" असं ओरडले. गाडी पहिली आली.

पिटमध्ये व्याही मेकॅनिकला मिठ्या मारत होते. काटेवालेही आले होते. बुटके, गंभीर. "अभिनंदन," ते म्हणाले. "मघापासून एक पुस्तिका घेऊन वाचतोय. एक तारा आहे, त्याखाली काहीच नाही. तो काय प्रकार आहे?" आणि दुसरी प्रत तरी पुरी आहे का बघावी म्हणून त्यांनी गठ्ठ्यावरचं वजन उचललं. जन्म काट्यांत गेलेला माणूस तो! हातात घेताच म्हणाले, "दहा किलो. शिसं. कागदावर ठेवायला जरा जास्तच नाही का?"

मेकॅनिकने पट्टीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. समोर निळी गाडी वजनाच्या काट्याकडे जाण्यासाठी रांगेत उभी होती. जावई खिडकीतून हात हलवत होता.

"टाकतो मी पटकन आत," मेकॅनिक कुजबुजला. "कुणाला दिसणार नाही."

व्याह्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. काकांनी काटेवाल्यांच्या हातातून पट्टी घेतली. छातीशी धरली. आणि सगळ्यांच्या देखत चालत काट्यापाशी गेले, पंचांसमोर ती ठेवली आणि म्हणाले, "हे... हे माझ्याकडे राहिलं. मुलाला काही माहीत नव्हतं."

गाडी बाद झाली.

परत येताना काकांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं होईल. इतिहास लिहायला घेतला आणि त्याचंच वाटोळं करून ठेवलं. टीम बुडाली, लेकीच्या घरात दोन पुरुष गप्प बसणार, आणि हे सगळं आपल्या हातून. शेडमध्ये सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"त्यांच्याकडे काय बघताय?" विहीणबाई एकदम पुढे आल्या. "त्यांनी कागदावर ठेवलं, मी मशीनखाली ठेवलं होतं. त्या ताऱ्याखाली मी आहे!"

व्याह्यांनी वळून पाहिलं. "तुला... तुला माहीत होतं?"

"सोळा वर्षं."

"मग ते पंचांचं... तिरकी नजर..."

"फार छान करता हो तुम्ही ती."

व्याही एका टायरवर मटकन बसले. त्यांना हसावं की रागवावं कळेना. हसूच आधी आलं, आणि मग आवरेना. जावई हेल्मेट काढत आला, त्याला कुणीतरी सगळं सांगितलं. तो काकांपाशी आला. काकांनी मान खाली घातली. "बाबा," तो म्हणाला, "पहिला आलो ते पाहिलंत ना तुम्ही? डोळे उघडे होते ना?" काकांनी मान हलवली. "मग झालं तर. पंचांच्या कागदावर काय का असेना."

काटेवाले मात्र गंभीरच होते. त्यांनी सगळी हकिगत पुन्हा एकदा क्रमाने ऐकून घेतली. मग म्हणाले, "दोनदा जिंकलात. दोन्हीदा वजन विसरलात. आणि दुसऱ्यांदा स्वतः नेऊन दिलंत." त्यांनी काकांकडे पाहिलं. "माझ्या धंद्यात असा माणूस मला कधी भेटला नाही. देतो मी. एक अट. गॅरेजच्या दारात माझा काटा बसवायचा, आणि त्यावर चढल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही." मग पुस्तिकेवर बोट ठेवून म्हणाले, "आणि ताऱ्याचा खुलासा छापा. अर्धवट हिशेब मला सहन होत नाही."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आवृत्तीसाठी काका व्याह्यांकडे गेले. आता तारे दोन होते. पहिल्याखालची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. दुसऱ्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'वजनाची पट्टी प्रस्तुत लेखकाच्या निष्काळजीपणामुळे गाडीबाहेर राहिली.'

व्याह्यांनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि ती ओळ खोडली. पहिल्या ताऱ्याखाली त्यांनी लिहिलं: 'शिवणाचं मशीन डगमगत होतं.' दुसऱ्याखाली लिहिलं: 'वारा फार होता.' आणि कागद विहीणबाईंकडे सरकवला.

"आता बरोबर," विहीणबाई म्हणाल्या.

काकांनी दोन्ही ओळी सवयीप्रमाणे तपासल्या. मशीन डगमगत होतंच. वारा होताच. चुकीची नोंद एकही नव्हती.

ते संध्याकाळी घरी पोचले. काकूंनी दार उघडलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आज काय धरलंत?"

काकांनी आपले दोन्ही हात पुढे करून पाहिले.

"काही नाही," ते म्हणाले. "ज्याचं त्याला देऊन आलो."